आधी गोळी, मग फिरणं

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही अजून पहाटे साडेपाचला उठून आमराईला फिरायला जाता असं आई म्हणाली. इतक्या वर्षांची सवय सोडणं जिवावर येतं, हे मला कळतं. फिरणं बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पार्किन्सन्समध्ये व्यायामाला औषधाच्याच जोडीने मान आहे. माझं म्हणणं एवढंच, की फिरायची वेळ बदला.

मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू कमी होतात, आणि हालचाल सुरू करायला, ती सहज चालू ठेवायला डोपामिन लागतं. तुम्ही घेता त्या लेव्होडोपाचं मेंदूत गेल्यावर डोपामिन बनतं. पण रात्रीच्या गोळीचा जोर पहाटेपर्यंत टिकत नाही. म्हणून उठल्या उठल्या पाय जड, मान ताठ, पाऊल घासत पडतं. अशा वेळी अंधारात, त्या उखडलेल्या फूटपाथवरून चालायचं म्हणजे पडायची भीती, आणि वर दिवसभराची ताकद सकाळीच संपते. गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एक तासात अंग मोकळं होतं. तुमची खूण मला ठाऊक आहे: शर्टाचं वरचं बटण एका दमात लागलं, की गोळी चढली. त्यानंतर निघा. सात-आठ वाजले तरी चालतील, ऊन कोवळंच असतं.

आणि त्या वेळात रमतगमत चालू नका. दम थोडा वाढला पाहिजे, पण शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, इतक्या वेगाने चाला. पाऊल लांब टाका, टाच आधी टेकवा. उजवा हात अंगाला चिकटून राहतो, तो मुद्दाम मागे-पुढे हलवा.

आई, तू बाबांना सकाळची गोळी दुधाबरोबर देतेस. उपाशीपोटी औषध नको, ही तुझी काळजी अगदी रास्त आहे, पण या गोळीचं गणित वेगळं आहे. दुधातली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून रक्तात जायला एकाच वाटेने धडपडतात, त्यात गोळी मागे पडते. म्हणून ती नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा खाल्ल्यावर तासाभराने द्यायची. मळमळलं तर आधी एखादं साधं बिस्किट चालेल, दूध मात्र नंतर. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा आपल्या मनाने बदलायच्या नाहीत, ते डॉक्टरांना विचारूनच. आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेली खाजकुइलीच्या बियांची पावडर तर अजिबात नको. तिच्यात लेव्होडोपाच असतो, म्हणजे नकळत डोस वाढायचा.

आता घाईबद्दल, आणि हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. रिक्षा दारात आली, की "चला, चला, तो थांबणार नाही" असं घरात सुरू होतं. मग बाबांचा हात जास्त थरथरतो आणि उंबऱ्यापाशी पाऊल जमिनीला खिळल्यासारखं होतं. घाई, भीती, चारचौघांत संकोच, काहीही झालं की अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि त्याने कंप वाढतो. बाबा ते मुद्दाम करत नाहीत, आणि धीर धरूनही तो कंप लगेच थांबत नाही. म्हणून बाहेर जायचं असेल तेव्हा रिक्षा बोलवायच्या आधी बाबांना खुर्चीवर निवांत बसू दे. श्वास नाकाने घ्यायचा, आणि घ्यायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा, असं चार-पाच मिनिटं. जोरजोरात कपालभाती मात्र त्या वेळी नको.

पाऊल अडलं तर त्यांना मागून ओढू नकोस, ढकलू नकोस. थांबायचं, वजन या पायावरून त्या पायावर घ्यायचं आणि ठेका धरायचा. बाबा, तुम्ही इतकी वर्षं भजनात टाळ धरलाय. "ज्ञानबा-तुकाराम" मनात नाही, मोठ्याने म्हणा आणि पहिल्या शब्दाला पाऊल उचला. बाहेरून ठेका मिळाला की अडलेलं पाऊल पुष्कळदा सुटतं, फिजिओथेरपीतही हेच वापरतात. उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या पाऊलभर अंतराने लावा, त्या ओलांडायच्या म्हटलं की पाऊल उचललं जातं. आईनेही सोबत म्हणायला हरकत नाही.

झोपेतून एकदम उठू नका. पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसा, घोटे वर-खाली हलवा, मग उभे राहा. या आजारात आणि या गोळीनेही उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो. जोराचा व्यायाम रात्री झोपेच्या तोंडावर नको. त्या वेळी हलकं ताणणं पुरे.

आई, तुझंही सांगते. बाबा दुपारी आडवे होतात तेव्हा तू धुणं-भांडी काढू नकोस. जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटं शतपावली कर, तुझी साखर त्याने आटोक्यात राहायला मदत होईल. ती दहा मिनिटं फक्त तुझी असू देत, त्यात कुणाची गोळी आठवायची नाही.

एका वहीत रोज गोळीची वेळ, अंग मोकळं झाल्याची वेळ आणि पुन्हा जड वाटायला लागल्याची वेळ लिहा. बाबा, तुमचं अक्षर बारीक होत चाललंय, म्हणून मोठ्या रेघांची वही कुरियरने पाठवते आहे. पुढच्या तपासणीला ती न्या, डॉक्टरांना डोस ठरवायला तीच उपयोगी पडेल. त्या दिवशी मी रजा काढून येते.

तुमची
मनू