दुसरा बूट कुठं हाय?

मामा,
स. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही हात झटकता, "हं, त्यात काय" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चप्पल उलटी करून बघायला लागता. म्हणून हे उघड पत्र. चार लोक वाचतील, आता झटकता येणार नाही.

आम्ही म्हणजे घोटा जोडण्याचं ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवणारी फिजिओथेरपीवाली मंडळी. "रॉकर सोल, उजवा" (रॉकर म्हणजे पुढं होडीसारखा वर वळलेला बुटाचा तळ) एवढं खरडून पेशंटला तुमच्या चपला-बुटांच्या दुकानात धाडणारी. गेल्या आठवड्यात एसटीचे ते कंडक्टर काठी भिंतीला टेकवून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. पाऊल अडलं नाही, गुडघा मागं गेला नाही, कंबर हेलकावली नाही. टाळ्या आम्हाला मिळाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त तुमच्या आहेत, त्या इथं जमा करतोय.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुना मोडलेला घोटा नीट बसला नाही किंवा संधिवातानं सांध्यातली कूर्चा खाल्ली, की एकेका पावलाला कळ येते. शेवटी सर्जन नडगीचं हाड आणि त्याखालचं टेलस ही दोन हाडं घासून, स्क्रूनं आवळून एकमेकांत धरू देतात. तिथली हालचाल जाते आणि तिच्याबरोबर दुखणंही. साधारण सहा आठवडे पाय टेकायचा नाही, मग गुडघ्यापर्यंतचा कडक बूट घालून थोडा थोडा भार, आणि एक्स-रेत हाड धरलेलं दिसलं की तीनेक महिन्यांनी साधा बूट. सूज मात्र वर्षभर येत-जात राहते. विडी-तंबाखू चालू ठेवणाऱ्याचं हाड धरायला कुरकुर करतं, कधी कधी धरतच नाही. तीन-चार महिन्यांनंतरही भार दिला की आत खोल दुखत असेल, घोटा गरम लागत असेल, तर आधी सर्जनला दाखवायचं, बुटाचा विचार नंतर.

इथवरचं कुणीही सांगतं. पुढचं कुणी सांगत नाही. कंडक्टरांच्या डिस्चार्ज कागदावर शेवटची ओळ होती, "हळूहळू चालण्यास सुरुवात करावी." कशात चालावं, कसं चालावं, एक अक्षर नाही. बिल मात्र साडेतीन पानी होतं.

चालताना पाऊल तीनदा डोलतं. टाच टेकते आणि तिच्या गोलाईवरून तळवा खाली येतो, हा पहिला डोल. मग तळवा सपाट राहतो आणि नडगी घोट्यातून पुढं झुकते, हा दुसरा. शेवटी टाच उचलते आणि चवड्यावरून माणूस पुढं जातो, हा तिसरा. घोटा जोडला की मधला डोल गेला. शरीर मग चोरवाटा काढतं. पाय बाहेर फिरवून तळव्याच्या आतल्या कडेवरून जातं, पाऊल तोकडं टाकतं, टाच वेळेआधी उचलतं, नाहीतर गुडघा मागच्या बाजूला ढकलतं. थोडं काम टाचेजवळचे आणि पावलाच्या मधले सांधे अंगावर घेतात, पण वर्षानुवर्षं त्यांच्यावरच लादलं तर तेही झिजतात. हा गेलेला डोल बुटाच्या तळाला द्यायचा, म्हणजे रॉकर. तळ कडक ठेवायचा आणि चवड्याच्या जरा मागून पुढच्या टोकापर्यंत होडीसारखा वर तासत न्यायचा.

कंडक्टर तुमच्याकडे येण्याआधी एका चकचकीत दुकानातून "ऑर्थोपेडिक" बूट घेऊन आले होते. कापसासारखे मऊ. टोक आणि टाच धरून दाबलं की मधोमध घडी. तळ वाकला की पावलाच्या मधल्या सांध्यांनाही वाकावं लागतं, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. मऊ ते पायाला चांगलं, ही समजूत दुकानदारांना फारच सोयीची आहे. दुसऱ्या ठिकाणी रॉकर करून मिळाला, पण त्याची कड पार बोटांखाली. अशा बुटात प्रत्येक पावलाला उंबरा ओलांडावा लागतो. माणूस कडेपाशी अडतो, मग झोकून देतो. त्याच कारागिराला पुन्हा सांगितलं तर त्यानं कड पार मागं, पावलाच्या मध्यावर आणली. आता उभं राहिलं की तोल पुढं जायचा. दोन महिने आणि दोन जोड वाया.

मग ते तुमच्याकडे आले. आमची एक विद्यार्थिनी सोबत होती, म्हणून पुढचं आम्हाला कळलं. त्यांनी पिशवीतून उजवा बूट काढला, आमची चिठ्ठी पुढं केली. चिठ्ठी तुम्ही ऐरणीखाली सरकवलीत. बूट उलटा करून टाचेची झिजलेली कड अंगठ्यानं चाचपलीत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "दुसरा बूट कुठं हाय?"

डावा घरी होता. त्याला काही झालेलं नाही, असं कंडक्टर म्हणाले. "त्यालाच तर बघायचंय," तुम्ही म्हणालात आणि बूट परत पिशवीत घातलात. दोन्ही घालून उद्या या.

मामा, हा प्रश्न सर्जननं विचारला नव्हता, त्या दोन दुकानांनी विचारला नव्हता, आणि कबूल करायला लाज वाटते, पण आम्हीही विचारला नव्हता. आम्हाला तर हे शिकवलेलं आहे. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. चिठ्ठीवर मात्र वर्षानुवर्षं एकाच पायाचं नाव.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना फळीवर उभं केलंत, मागं उकिडवं बसून दोन्ही हात त्यांच्या कमरेच्या हाडांवर ठेवलेत आणि डाव्या बुटाखाली कातड्याचे तुकडे सारायला सुरुवात केलीत. उजव्या बुटाखाली रॉकरच्या जाडीचा ठोकळा आधीच ठेवला होता. डावीकडं तीन मिलिमीटरचा एक तुकडा, जागेवरच पाय उचलून बघा. दुसरा, परत उचला. तिसरा. चौथ्याला कंडक्टर स्वतःच म्हणाले, "बास, आता उजवा पाय मोकळा उचलतोय."

हिशेब असा पडतो. ऑपरेशनमध्ये हाड घासल्यानं त्यांचा उजवा पाय ८ मिलिमीटर तोकडा झालेला. रॉकरसाठी उजव्या बुटाला १५ मिलिमीटर चढवायचे. म्हणजे डाव्याला काहीच केलं नसतं, तर उजवी बाजू उलट ७ मिलिमीटर उंच झाली असती. जोडलेला घोटा पाऊल वर ओढू शकत नाही. उंच झालेल्या बाजूचं टोक दर पावलाला जमिनीला घासणार, ते चुकवायला माणूस कंबर उचकणार, आणि सहा महिन्यांनी पाठदुखीची तक्रार घेऊन आमच्याकडेच येणार. तुम्ही डाव्याला चार तुकडे, म्हणजे १२ दिलेत. उजवा ५ मिलिमीटर खाली राहिला, तेवढ्यात टोक सुटलं. मुद्दाम जरासं कमी ठेवायचं हेही पुस्तकात आहे. तुम्ही ते हातांनी मोजलंत.

कडेची जागाही तशीच. बूट २८ सेंटीमीटरचा. अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा असतो तो बाहेरून चाचपून त्याच्या मागं, टाचेपासून १७ सेंटीमीटरवर तुम्ही खडूनं रेघ मारलीत. आणि ती रेघ तिरपी होती. आमच्या विद्यार्थिनीला वाटलं, हात चुकला. घोटा जोडताना पाऊल थोडं बाहेर वळवून जोडतात, साधारण ५ ते १० अंश. बुटाला काटकोनात रेघ मारली तर माणूस बाहेरच्या दिशेला डोलतो, समोर नाही. रेघ चालायच्या दिशेला काटकोनात हवी. तुम्ही त्यांना आधी चालवून बघितलं होतं, त्यांचं टोक कुठं बघतंय ते.

बाकीचं काम इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. जुना तळ रापीनं सोलून काढला, मधे कडक ईव्हीएचा, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिकचा, थर चिकटवला, ग्राइंडरवर पुढून तासला आणि वरून तोच खाचांचा तळ परत बसवला. खाचा राखणं महत्त्वाचं, नाहीतर पावसात फरशीवर रॉकर साबणासारखा घसरतो. सोल्यूशन लावून घाईनं दाबायचं नाही, दोन्ही बाजू हाताला चिकटेनाशा होईपर्यंत वाळू द्यायच्या. पहिल्याच जूनमध्ये तळ उघडतो तो याच घाईमुळे. टाचेच्या मागच्या कोपऱ्यात मऊ एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, पाचर बसवली. टाच टेकताना ती दबते आणि गेलेल्या घोट्याचं थोडं काम करते. पाचर फार मऊ झाली तर टाच बाहेर कलंडते, म्हणून तुम्ही ती नखानं दाबून, दोनदा बदलून बसवलीत.

आणखी एक. कंडक्टरांनी जाताजाता भिंतीवरच्या कोल्हापुरीकडं बोट दाखवलं, लग्नासाठी हवी म्हणाले. तुमचा तोच धंदा, दुकानभर त्याच टांगलेल्या. तुम्ही सरळ सांगितलंत, "या पायाला ही नको. सपाट आहे, टाचेला मागून धरत नाही, बोटांनी पकडून चालावं लागतं." हातातोंडाशी आलेली विक्री सोडलीत. चकचकीत दुकानवाल्यांनी हे वाक्य फ्रेम करून लावावं.

जयपूर फूटची गोष्ट या निमित्तानं आठवते. १९६८ च्या सुमाराला तो कृत्रिम पाय घडला तो डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ऊर्फ मास्टरजी या दोघांच्या डोक्यातून. मांडी घालता येईल, चिखलातून चालता येईल असा पाय हवा, हे कारागिराच्या हाताला कळलं होतं. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. तो योग्यच होता, पण मास्टरजींचं नाव आजही कितीजण घेतात? आमच्या हॉलमधल्या टाळ्यांचं तसं होऊ नये, एवढ्यासाठी हा परिच्छेद.

तुमच्या त्या प्रश्नानं आमच्याकडे काय बदललं तेही ऐका. सहाव्या आठवड्यात गुडघ्यापर्यंतचा कडक बूट मिळतो, त्याचा तळ चांगला दोन-तीन सेंटीमीटर जाड असतो. दुसऱ्या पायात लोक घरातली पातळ स्लीपर घालतात आणि पंधरा दिवसांत कंबर धरते. दोष जातो ऑपरेशनला. आता पहिल्या दिवशीच सांगतो, चांगल्या पायात जाड तळाचा बूट घाला, घरातसुद्धा. भार किती द्यायचा हे शिकवताना वजनकाट्यावर ऑपरेशनचा पाय ठेवतो, १० किलोवर काटा येईपर्यंत दाबा, मग १५, मग २०, सर्जननं जेवढी मुभा दिली असेल तेवढंच. पूर्वी दुसरा पाय जमिनीवर असायचा आणि माणूस तिरका उभा राहायचा. आता त्याच्याखाली काट्याच्या उंचीची फळी असते. इतकी साधी गोष्ट.

एसटीच्या पायरीचा सरावही दोन्ही बूट आल्यावरच सुरू केला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, आणि दांडा धरल्याशिवाय काहीच नाही. चढाच्या रस्त्यावर नाकासमोर न जाता जरा तिरपं जायचं. उकिडवं बसणं आता नाही, त्यासाठी घोटा बराच वाकावा लागतो. घरात कमोड बसवून घ्या, हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं, नंतर नाही. मांडी मात्र बहुतेकांना जमते, ती गुडघ्याची आणि खुब्याची करामत. पंगतीत बसता येतं, उठताना शेजाऱ्याचा खांदा लागतो इतकंच.

तुमचा हिशेब राहिला आहे. उजव्या बुटाचे पैसे घेतलेत, डाव्याचे नाही. "त्याला चार तुकडे तर लावलेत" म्हणालात. कंडक्टर ते पैसे आमच्याकडे ठेवून गेलेत आणि तुम्ही घ्याल असं आम्हाला वाटत नाही, तरी पाठवतोय.

मंगळवारी दुपारी एक ताई येतील. डावा घोटा, पाच नंबर, पाऊल जरा खाली वळून जोडलं गेलंय, त्यामुळे उभ्या राहिल्या की गुडघा मागं जातो. टाचेखाली किती चढवायचं ते तुमच्या कातड्याच्या तुकड्यांनी ठरवा, आम्ही चिठ्ठीवर आकडा लिहिलेला नाही. पिशवीत दोन्ही बूट आहेत.

तुमची,
फिजिओथेरपीवाली मंडळी