आईच्या गुडघ्यांबद्दल

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, दिवाळीत तू गच्चीवरून उतरत होतीस ते मी खालून पाहत होते. दोन्ही हात कठड्याला, अंग आडवं, आणि डावा पाय खालच्या पायरीवर टेकला की ओठ घट्ट मिटलेले. मला पाहून म्हणालीस, "ग्वाल्हेरची थंडी गं, दुसरं काय!" आपल्या लष्कर भागातल्या थंडीत सांधे आखडतात, खरंय. पण थंडीनं पाय गुडघ्यातून बाहेर वाकत नाही, आणि तुझा डावा वाकलाय.

इथल्या डॉक्टरांना मी नीट विचारून घेतलं. "वंगण संपलं" म्हणतो आपण, पण झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून झिजली की भरून येत नाही. तेलानं, शेकानं बरं वाटतं तेवढंच. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम मात्र खरंच उपयोगी आहे, तो आजपासून सुरू कर.

आणि गुडघा बदलायच्या ऑपरेशनमध्ये अख्खा गुडघा काढून टाकत नाहीत गं! हाडांच्या टोकांचा जेमतेम सेंटिमीटरभर थर कापतात, त्यावर धातूचं आवरण बसवतात, मधे प्लास्टिकची चकती. बहुतेकदा कमरेखालचा भागच बधिर करतात. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. बहुतेक गुडघे १५-२० वर्षं सहज टिकतात. जंतुसंसर्गाची, रक्ताच्या गुठळीची थोडी भीती असते, म्हणून आधी तुझी शुगर आटोक्यात हवी आणि तो दुखरा दातही दाखवून घ्यायचा.

एक गोष्ट लपवत नाही. पाटावर मांडी घालून पूजेला बसणं बहुधा सुटेल. तुला ते किती लागेल, मला कळतं. देव्हारा टेबलावर घेऊ, तू खुर्चीत बस.

समोरच्या काकूंचा गुडघा ऑपरेशननंतर ताठ राहिला, त्याची तू धास्ती घेतली आहेस. बाबा, इथे तुमचं काम आहे. काकू महिनाभर गुडघ्याखाली उशी घेऊन पडून होत्या, कारण तसं बरं वाटतं. उशी टाचेखाली हवी, म्हणजे गुडघा सरळ होतो. दुखलं तरी व्यायाम चुकवायचा नाही, आणि आईची कणव येऊन तुम्ही सूट द्यायची नाही.

पैशांचं म्हणाल तर गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम भागांच्या, किमतींवर २०१७ पासून सरकारची मर्यादा आहे. शिवाय ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. दोघांचीही कार्डं काढून ठेवा.

ऑपरेशन करायचं की नाही, ते आईनंच ठरवायचं. आधी एक्स-रे काढा, पण उभं राहून. अंगाचा भार पडला की हाडांमध्ये किती जागा उरलीय ते दिसतं. मागचा झोपवून काढलेला होता. मी पुढच्या महिन्यात ८ तारखेला पोचते, तेव्हा मिळून डॉक्टरांकडे जाऊ. तोवर आई, वाळवणं बाबांना आणायला सांग.

तुमची,
मनू