बारशाला गर्दी नको, मंदार

मंदार,
फोनवर तू ऐरोलीचा हॉल बुक करतो म्हणालास, शंभरेक माणसं होतील म्हणालास, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय म्हणून सविस्तर लिहितेय.

आपलं पिल्लू 34 आठवड्यांतच, दिवस भरायच्या आधी जन्माला आलंय रे. आईच्या रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी एका प्रकारची प्रथिनं, नाळेतून बाळाकडे जातात त्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, त्यातही शेवटच्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त, दिवस पूर्ण भरलेल्या बाळाच्या रक्तात तर त्या आईइतक्या किंवा थोड्या जास्तच असतात, आपल्या बाळाला ते आठवडेच मिळाले नाहीत. जे मिळालंय तेही साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं. आणि स्वतःचं म्हणशील तर आधी बनते आयजीएम ही वेगळ्या प्रकारची अँटीबॉडी, चांगली आयजीजी पुरेशी बनायला कित्येक महिने जातात. म्हणून तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात अँटीबॉडीज सगळ्यात कमी असतात. न्यूमोनियाच्या जंतूवर साखरेचं कवच असतं, ते तर दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या शरीराला नीट ओळखताच येत नाही, म्हणून पीसीव्ही या न्यूमोनियाच्या लसीत त्या साखरेला प्रोटीन जोडतात, केवढी हुशारी आहे ना! लसी मात्र वेळेवरच, 6, 10, 14 आठवडे जन्मतारखेपासूनच मोजायचे, लवकर जन्मलं म्हणून पुढे ढकलायचं नाही.

पूजाने चीक पाजला ते फार छान केलं. त्यातली आयजीए ही अँटीबॉडी बाळाच्या आतड्यात राहून जंतूंना चिकटू देत नाही, कुणी कितीही सांगू दे, मध आणि गुटी चाटवायची नाही म्हणजे नाही.

अजून एक, एवढ्या लहान बाळाला इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं, दूध ओढत नाही, मलूल पडतं. काखेत तापमान 37.5 अंश सेल्सिअसच्या वर किंवा 35.5 च्या खाली दिसलं की रात्र असो, पाऊस असो, लगेच डॉक्टर.

ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीतून येणारी माणसं थेट बाळाचा पापा घ्यायला वाकणार, त्यांना आडवं तू जायचंस, पूजावर टाकू नकोस, बाळंतिणीने नाही म्हटलं की सगळे तिलाच बोलतात. हॉल कॅन्सल कर, पाळण्यात घरातल्या घरात घालू, नाव आत्याच ठेवेल, सर्दी नसेल तर. बाकीच्यांना व्हिडिओ कॉल. नौपाड्यातल्या सगळ्यांना मी सांगते, त्यांचा राग माझ्यावर येऊ दे.

आई