मेस्तकाका, तुमच्या टेकूंसाठी

मेस्तकाका, नमस्कार.

पर्वरीला गटाराच्या पाइपासाठी खणलेल्या चरात उतरणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार. काम वेळेत उरकले म्हणून कौतुक मुकादमाचे झाले. चराच्या कडा धरून ठेवणाऱ्या फळ्या कुणी ठोकल्या ते कुणी विचारले नाही.

आपल्या गोव्यातला जांभा फसवा. वर चिरा इतका कडक की पहार टणकन उडते, आणि ‘ही कड पडायची नाही’ असे जो तो म्हणतो. खालची पिवळट चिकणमाती मात्र पाणी मुरले की लोण्यासारखी सुटते, मग वरची लादी अख्खी खाली येते. त्यात शेजारी जुन्या नळाचा बुजवलेला चर; भरावाची माती काय धरून राहणार! तुम्ही दोन्ही हेरलेत आणि 2.5 मीटर खोल चरात शोरिंगशिवाय, म्हणजे कडांना फळ्या-टेकूंचा आधार दिल्याशिवाय, माणूस उतरवायचा नाही, यावर अडून बसलात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचा नियम 1.5 मीटरपासूनच उतार किंवा आधार मागतो. सुट्या मातीला उतार द्यायचा तर खोलीच्या मीटरला दीड मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी 3.75 मीटर. रस्ताच उरला नसता.

समोरासमोर उभ्या फळ्या, त्यांवर आडवे वासे, मध्ये आटे फिरवून घट्ट करायचे स्क्रू जॅक. लावताना वरचा जॅक आधी, तोही काठावरून. काढताना तळचा आधी, भराव ठोकत ठोकत वर. फळीमागची पोकळी माती आणि पाचरी घालून भरून घेतलीत, कारण माती एकदा सरकू लागली की जॅकला आवरत नाही. लाकूड उन्हात आकसते, म्हणून रोज सकाळी एकेक पाचर हातोडीने वाजवून पाहायचात. ढिली पाचर बद्द वाजते.

उपसलेली माती काठापासून 1.5 मीटर मागे, यावरून जेसीबीवाल्याशी तुमचे वाजलेही. पण घनमीटरभर माती दीड टनाच्या वर भरते. ती काठावर ठेवणे म्हणजे कड ढकलणेच. शिडी नियमाने 30 मीटरला एक पुरते, तुम्ही सात-आठ मीटरवर लावलीत, काठाच्या वर 90 सेंटिमीटर काढून. छातीपर्यंत माती आली तरी श्वास कोंडतो, त्यामुळे आम्हाला ती जास्तीची शिडी जास्तीची वाटली नाही.

पुढचा टप्पा मांडवीकाठच्या खाजनाकडे, म्हणजे बांध घालून राखलेल्या सखल जमिनीकडे आहे. तिथे भरतीला तळातून पाणी येणार, आणि पंपाने पाण्याबरोबर बारीक माती ओढली तर फळ्यांमागे पोकळी पडणार. फळ्या एकमेकींना भिडवून लागतील ना? किती मागवायच्या ते पावसाआधी कळवा.

तुमचेच,
चरातली मंडळी