पुराविषयीचे निर्णय प्रभागात चर्चिले जावेत

महोदय,

आजवा सरोवर भरले की विश्वामित्री नदीच्या पुराची चिंता सुरू होते, हे वडोदऱ्यात कोणाला सांगावे लागत नाही; ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर कित्येक कुटुंबांचा संसार पाण्यात गेला. म्हणूनच नदीपात्र, पावसाळी गटारे आणि सरोवरातून पाणी सोडण्यापूर्वीची सूचना यांविषयी ठरवताना, ज्यांच्या घरात पाणी शिरते त्यांचे म्हणणे आधी नोंदवले जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केलेलीच आहे. अंदाजपत्रकापूर्वी प्रत्येक प्रभागात बैठक घ्यावी, कामांची यादी मुदतीसह जाहीर करावी आणि सखल भागातील एकट्या वृद्धांपर्यंत रात्री-अपरात्रीही इशारा पोहोचेल अशी व्यवस्था पावसाळ्याआधीच करावी.

— एक रहिवासी, दांडिया बाजार, वडोदरा