मनोरीच्या पाण्यातले बोरॉनही मोजा

संपादक महोदय,

समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या मुंबईच्या मनोरी प्रकल्पावर (रोज २० कोटी लिटर, पुढे ४० कोटी) चर्चा होते ती खर्चाची आणि पर्यावरणाची. मीठ अडवणाऱ्या मेम्ब्रेनमधून (पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यातून) काय निसटते, हे फारसे कुणी विचारत नाही.

मीठ ९९ टक्क्यांहून अधिक अडते. बोरॉन या मूलद्रव्याचे तसे नाही. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे साधारण ४.५ ते ५ मिलिग्रॅम असते आणि सामू (पीएच) ८ च्या आसपास असताना बहुतेक बोरिक आम्लाच्या रूपात. हा रेणू लहान आणि विद्युतभार नसलेला. मेम्ब्रेनवरच्या पॉलिअमाइडच्या थरातून तो पाण्याबरोबर सरकतो, पाणी कोमट असेल तर जास्तच. पहिल्या फेरीत दहा ते वीस टक्के पार झाले, तरी लिटरमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम उरते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस १०५०० मानकाची स्वीकार्य मर्यादा ०.५ आहे. जागतिक आरोग्य संघटनेला २.४ चालते, पण लिंबू-संत्र्यांच्या झाडांना तेवढे सोसत नाही. वापरलेले पाणी पुढे शेतीला जाते म्हणूनच इस्रायलने अश्केलॉनच्या प्रकल्पाला ०.४ ची अट घातली.

सामू १० पर्यंत चढवला की बोरॉनला ऋणभार येतो आणि मेम्ब्रेन त्याला अडवते. मात्र सामू चढवणारे कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) पहिल्याच फेरीत सोडले, तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसून मेम्ब्रेन चोंदते. म्हणून ते दुसऱ्या फेरीत, कॅल्शियम-मॅग्नेशियम निघून गेल्यावर सोडायचे. सगळे पाणी दुसऱ्या फेरीला घालायचीही गरज नाही. प्रेशर व्हेसलच्या (मेम्ब्रेन बसवलेल्या नळकांड्याच्या) पुढच्या, म्हणजे पाणी आत शिरते त्या टोकाला मिळणारे पाणी बरेच चांगले असते. मागच्या टोकाचे तेवढे पाठवले की वीज आणि कॉस्टिक दोन्ही वाचतात.

खरी गोम मोजणीत आहे. बोरिक आम्ल वीज जवळपास वाहत नाही, त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) विजेच्या वहनावरून मोजणाऱ्या मीटरला ते दिसतच नाही. (मीटरचा पेन बुडवून ‘पाणी शुद्ध’ म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही.) निविदेत निव्वळ टीडीएसची हमी असली, तर कंत्राटदार बोरॉनबद्दल बांधील राहत नाही. बोरॉनची मर्यादा वेगळी लिहावी. तीही उन्हाळ्यातल्या तापमानाला आणि तीन-चार वर्षे वापरलेल्या मेम्ब्रेनला धरून, कोऱ्या मेम्ब्रेनवर नव्हे. तलावाच्या पाण्यात मिसळून ते विरळ होईल, या भरवशावर हे कलम गाळू नये.

आणि तपासणीचे नमुने प्लास्टिकच्या बाटलीतच घ्यावेत. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेतूनच बोरॉन पाण्यात उतरते.

— एक जलप्रक्रिया अभियंता, मुंबई