दिल्या, एका बापाशी बोलशील का?

धुळे,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय दिल्या,

तब्येत ठीक. साखर गोळ्यांवर आहे, गुडघा कुरकुरतो, पुढचं विचारू नकोस. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे बाळूकडून कळलं. तू कळवणार नाहीस हे ठरलेलंच.

फोन केला असता तर तू मधेच हसला असतास आणि मी चिडून ठेवून दिला असता, म्हणून पत्र.

तिसऱ्या वर्षाला लाटा शिकवत होतो. नेहमीचंच, फळ्यावर साइन-कोसाइन आणि पोरांच्या डोळ्यांवर झापड. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली नि म्हणाली, "सर, बंधाऱ्याची फळी काढली की पाटात पाण्याचा उंचवटा सुटतो, तो सपाट का होत नाही? आमच्या शेतापर्यंत तसाच येतो." साक्री तालुक्यातली, पांझरा नदीच्या फडातली, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या शेतांतली. बाप पाटकरी, पाटाचं पाणी वाटणारा!

दिल्या, आपण त्याच उंचवट्याबरोबर बांधावरून पळायचो आणि किसनतात्या फावडं उगारून मागे. तू जिंकायचास, कारण तू आधी सुटायचास. हा वाद मी अजून सोडलेला नाही.

मग तास संपेपर्यंत अभ्यासक्रमाला हात लावला नाही. स्कॉट रसेल हा स्कॉटिश इंजिनिअर सांगितला. 1834, एडिंबरोजवळचा कालवा, बोट अचानक थांबली आणि पुढच्या पाण्यातून एक गुळगुळीत उंचवटा निघाला. हा गडी घोड्यावरून त्याच्यामागे! लाट तीस फूट लांब, फूट-दीड फूट उंच, वेग ताशी 8-9 मैल. मैल-दोन मैलांनी कालव्याच्या वळणांत हरवली. वेग कसा काढायचा तेही त्याने सांगून ठेवलंय: पाण्याची खोली अधिक लाटेची उंची, गुणिले गुरुत्वाकर्षण, त्याचं वर्गमूळ. फळ्यावर आपल्या पाटाचं काढलं. अर्धा मीटर पाणी धरलं तर ताशी 8 किलोमीटर. म्हणून तर पोरांना बरोबरीने पळता येतं. फळीची लाट ही रसेलची अस्सल एकाकी लाट नव्हे हेही सांगितलं, पण तिचा पहिला उंचवटा त्याच घराण्यातला. उंच पाणी जास्त वेगाने धावतं म्हणून लाट पुढून उभी व्हायला बघते. लहान-मोठ्या लांबीच्या लाटा वेगवेगळ्या वेगाने जातात म्हणून ती फाकायला बघते. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की आकार टिकतो. हे मांडणारं कोर्टेवेग आणि द व्हरीस यांचं समीकरण 1895 चं. 1965 मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं की अशा दोन लाटा एकमेकींतून आरपार जाऊन परत आपापल्या आकारात येतात. मुलगी म्हणाली, "मग त्यांना आठवण असते का सर?" पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता.

या समीकरणापायी मी पुण्याला गेलो आणि तू बँकेचा फॉर्म भरलास. होस्टेलच्या गच्चीवर मी तुला पळपुटा म्हटलं. तू म्हणालास, "पाणी कसं वाहतं ते माझ्या बापाला पीएच.डी.शिवाय कळतं." याला उत्तर अजून सुचलेलं नाही. पण गणित तुझंच चांगलं होतं. माझ्याकडे चिवटपणा तेवढा होता. इकडे परतलो तेव्हा लायब्ररीत आमच्या विषयाचं एक नियतकालिक नव्हतं. एका पेपरच्या झेरॉक्ससाठी रात्रीची एस.टी. धरून मुंबईला टीआयएफआर, टाटांच्या संशोधन संस्थेत. दिवसा प्रॅक्टिकलच्या बॅचेस, पेपर तपासणी, समितीच्या फायली, संशोधन रात्री. तरी शिकवण्यापायी संशोधन बुडालं असं मला म्हणवत नाही. पोरांना समजावताना कित्येकदा लक्षात यायचं की सिद्धता आपल्यालाच पुरती पटलेली नाही.

तर ही मुलगी जॅम परीक्षेत वर आली, आयआयटीत एम.एस्सी.ला जागा मिळतेय. काल तिचे वडील आंब्यांची पाटी घेऊन आले. टोपी काढून मांडीवर ठेवली, तांब्याभर पाणी संपवलं नि म्हणाले, "सर, पोर हुशार शे. पन गणित खाईसन पोट भरस का?" त्यांना वाटतं तलाठी भरतीला बसावं, जिल्ह्यातच राहील, मग लग्न. मी सांगितलं, पुढे पीएच.डी. धरली, फेलोशिप मिळाली तर महिना 37 हजार. माणूस हिशेबाचा पक्का. "आनि मंग नोकरी?"

तिथे अडलो बघ. नेट-सेट झालेली पोरं माझ्या शेजारच्या खोलीत तासिका तत्त्वावर शिकवतात. उन्हाळ्यात तास नाहीत की पैसे नाहीत. त्यातल्या एकाने परवा माझ्याकडे शिकवणीचे विद्यार्थी मागितले, मान खाली घालून. "पाठवा" म्हणायला तोंड उघडलं की तो दिसतो. "नको" म्हणू? मग माझं आयुष्य काय होतं? रात्रभर हेच. तिकडे पाटणादेवीला 1207 च्या शिलालेखात बघ, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला आणि राजाने त्याला दान लावून दिलं. तासिका तत्त्व नव्हतं हो! नातवाला तिकडे नेणार होतास, नेलंस का? पुण्याच्या धाकट्याची नोकरी टिकली ना?

तर तू ये. मी बोललो तर मास्तर आपलं दुकान चालवतोय असं त्या माणसाला वाटेल. तू मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला, घर-पेन्शनवाला, तुझं ऐकतील. आणि तोच तू मध्यरात्री भास्कराचार्यांच्या ग्रंथातल्या चक्रवाल पद्धतीने 61 चं समीकरण (कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गाच्या 61 पटीत एक मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो?) हाताने सोडवून 226153980 आणि 1766319049 या उत्तराचा फोटो मला पाठवतोस, झोप का येत नाही ते न सांगता. ते त्यांना सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. त्यांनी विचारलं, बँकेत गेलास ते बरं झालं का, तर खरं काय ते सांग. मलाही कधी सांगितलं नाहीस.

प्रवेशाची फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे, त्याआधी ये. शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी होतील. बाळूला आणलंस तर पत्ते घरी ठेवायला सांग, मागच्या वेळचे पैसे त्याने अजून दिलेले नाहीत.

तुझा,
विज्या